मेस्त्रीची कबुली

बाकीच्या बऱ्याच केसेस आता एकमेकींत मिसळल्यात, पण ही घटना जशीच्या तशी आठवते. मी तेव्हा मालवण किनाऱ्यावरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. आचऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर मच्छीमार बोटींचं लोखंडी सामान बनवणारा एक कारखाना होता. मालकाने तिथे वेल्डिंगसाठी कोबॉट आणला होता, म्हणजे माणसाच्या शेजारी उभा राहून काम करणारा यंत्राचा हात. जुन्या मेस्त्रीने तो हात धरून सांध्यावरून एकदा फिरवला की तो पुढे तसंच वेल्डिंग करत राही.

एका सकाळी यंत्रातलं ते शिकवलेलं सगळं कुणीतरी पुसलं. मालक तणतणत ठाण्यात आला. जाळं ओढणारं यंत्र बोटीवर ज्यांच्यावर घट्ट बसवतात त्या लोखंडी बैठका तो दुसऱ्या दिवशी बोटींवर पाठवणार होता, आणि पुढचं काम ठप्प झालं होतं.

दुपारी एका कामगाराचा फोन आला. "सायबानू, सकाळी सगळ्यांच्या आधी मेस्त्री आत गेल्लो. माझा नाव घेव नकात."

मला सगळं सरळ दिसलं. यंत्र आलं, म्हाताऱ्याच्या पोटात दुखलं. मेस्त्रीला बोलावलं. दरडावण्याची तयारी करून बसलो होतो, तर गडी पहिल्याच प्रश्नाला म्हणाला, "होय, मियाच पुसलंय. लिवन घेवा."

मी खूश. जबाब तयार झाला. सही करताना तो म्हणाला, "फकत एक करा. ता तयार सामान दोन दीस भायर जांव देव नकात."

ज्याला मालकाचं नुकसान करायचंय, त्याला तयार सामानाची काळजी कशाला? मी कागदाकडे पाहिलं. सहीची जागा मी बोटाने दाखवली होती, तरी सही मजकुरावर झाली होती. समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट करून मी म्हटलं, "महिना कुठला ते वाचा." त्याने डोळे बारीक करून मान पुढे काढली, पण त्याला वाचता येईना. डोळे भरून आले.

मोतीबिंदू. घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. यंत्राला शिकवताना हात सांध्यावरून किंचित बाजूला गेला होता, आणि यंत्राने ती चूक इमानेइतबारे प्रत्येक बैठकीत उतरवली होती. बोटाने चाचपल्यावर त्याला कळलं. आणखी माल बनू नये म्हणून त्याने पुसून टाकलं.

त्याला जीपमध्ये घालून कारखान्यात नेलं. मालक म्हणाला, "साहेब, काम झकास आहे, बघा ना." मी एका बैठकीवर घण घालायला लावला. तिसऱ्या घावाला सांधा उघडला. मालक तिथेच स्टुलावर बसला. त्याचा सख्खा भाऊ त्यातल्याच एका बोटीवर जाणार होता. तक्रार त्याने तिथेच मागे घेतली.

परतताना मी मेस्त्रीला रागानेच विचारलं, "आधी बोलायला काय झालं होतं? कोठडीत गेला असतात."

"सायबानू, कोठडीतसून माणूस मेस्त्री म्हणानच परत येता. डोळे गेले म्हटल्यार माका मेस्त्री कोण म्हणतलो?"

कबुली मिळाली की तपास संपला, असं मी नोकरीभर मानत आलो होतो. लाज झाकण्यासाठी माणूस गुन्हासुद्धा अंगावर घेतो, हे मला त्या दिवशी कळलं, तेही निवृत्तीच्या तोंडावर. त्याआधी माझ्यासमोर किती जणांनी चटकन "होय" म्हटलं, आणि मी खूश होऊन किती कागद कोर्टात पाठवले, ते आता कुणाला विचारू?