तळ्यातले पांढरे धोंडे

ती सकाळ अजून माझ्या डोळ्यापुढून हालत न्हाई.

लातूर जिल्हा तवा नवाच झाला व्हता. आमचे मालक पोलिसात व्हते. ते वारले आन् त्यांच्या जागी मला घेतलं. सातवी शिकलेली म्या. औशाकडच्या ठाण्यात बाई शिपाई म्हणून एकलीच.

दुष्काळ सरून पाणी झालं व्हतं, तळी भरली व्हती. धुक्यातच पोलीस पाटील सायकल मारीत आला. "तळ्यात जीप गेली. गावचा जावई वर निघाला, त्याची बायको बुडाली. सासू म्हनते, त्यानंच बुडिवली."

सासूनं फिर्याद दिली. एकुलती लेक तिची. जावयाला ठाण्यात आणून बसवलं, अंगावरचे कपडे अजून ओलेच. फौजदार साहेब दरडावले, "रस्ता बांधावरून हाय. तू पाण्यात कामून गेलास?"

"चुकलं, साहेब."

दुपारवर त्यो तेवढंच बोलला. साहेब म्हणाले, "ह्याला गुन्हा कबूलच हाय, लिहा."

मला पटंना. खोटा माणूस लई बोलतो. ह्यो तर बोलतच नव्हता. म्या त्याला कपभर च्या दिला, जवळ बसले. "भाऊ, शेवटाला तुझी बायको काय बोलली?"

कप खाली ठेवून त्यो बोलला. दोघं विष्णुपुरीच्या धरणाच्या कामावर जगायला गेलते. गाव सोडलं तवा तळं कोरडं ठणठणीत. तळ्यातूनच गाडीवाट पडलेली, पाण्याचा टँकर त्याच वाटेनं यायचा. भरलेलं तळं दोघांनी पाहिलंच नव्हतं. कामावरची जीप घेऊन यायलते. पहाटंच्या धुक्यात वाटेच्या दोन्ही अंगाला पांढरे धोंडे दिसले. बायको हरखली. "मायनं चुना लावलेले धोंडे! घर आलं. चला सरळ."

"मग हे साहेबाला कामून न्हाई सांगितलं?"

"मामीच्या कानावर जाईल की, बाई. लेक गेली तिची. आता हे बी तिच्या माथी घालू?"

म्या साहेबांना बाजूला घेऊन सांगितलं. तसेच समदे तळ्यावर पंचनाम्याला गेलो. चाकाचे वळ धोंड्यांमधून नीट पाण्यात गेलेले. बिरेक मारल्याची खूण न्हाई.

"हे धोंडे कुणी लावले?" साहेबांनी विचारलं.

जावयानं मान खाली घातली. म्हातारी सासू पुढं आली, एका धोंड्यावर हात ठेवला. "म्या. टँकर भुसभुशीत गाळात फसू नये म्हणून."

मग ती जावयाकडं वळली. "जावईबापू, धोंडे माझे, हे तुमाला ठावं व्हतं? म्हणून गप ऱ्हायलात?"



तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं. "साहेब, सोडा ह्याला. कोरडा कपडा तरी द्यायचा व्हता लेकराला."

कागदावर अपघाती मृत्यू अशी नोंद झाली. पुढं नोकरीत लई जबाब घेतले. गप बसलेला माणूस कायतरी लपवतो, हे खरं. पण दर खेपी आपलंच पाप लपवतो असं न्हाई.

चार दिसांनी म्हातारीच्या सहीसाठी गावात गेले, तर घराला कडी. सासू-जावई दोघं तळ्यात, गुडघाभर पाण्यात. म्हातारी धोंडे उपटायलती, त्यो उचलून बांधावरच्या रस्त्याच्या कडंनी मांडायलता. म्या चपला काढल्या आन् पाण्यात उतरले.