सात ड्यूक आणि एक फ्रिज

चार मराठी पोरं एका अपार्टमेंटमध्ये राहिली की घासायची भांडी आणि किस्से, दोन्ही भराभर साचतात. अमेरिकेत, हर्नडनच्या आमच्या घरात भांडी माझ्या वाट्याला जास्त आली, म्हणून किस्सेही मीच सांगणार!

मी, निखिल आणि मकरंद, आम्ही तिघे आयटीतले. चौथा शिरीष, पुण्याचा, इतिहासात पीएचडी करणारा. विषय, जर्मनीतल्या सॅक्सनीचं ड्यूक घराणं, म्हणजे तिथले छोटे राजे. त्याने हॉलच्या भिंतीवर भलामोठा नकाशा लावला. त्यात इतके रंग, की नागपूरच्या निखिलने विचारलं, "काय बे, भिंतीवर रंगपंचमी खेळला का?"

"एकेक रंग म्हणजे एकेक राज्य. बाप गेला की मुलांत वाटणी. गोथाच्या ड्यूकला सात मुलगे, सात राज्यं!"

"म्हणजे आमच्या काटोलचीच गोष्ट. फक्त संत्री नाहीत!"

*

आमच्या फ्रिजमध्येही चार कप्पे, चार मालक. दही तेवढं सामाईक. मकरंद व्हिसा स्टॅम्पिंगला भारतात गेला आणि तिकडेच अडकला. शिरीषने लगेच जाहीर केलं, "एक शाखा निर्वंश झाली की तिचा मुलूख बाकीच्यांत वाटतात. ड्यूकांची रीतच आहे!"

आम्ही रीत पाळली. मकरंदचं कैरीचं लोणचं सगळ्यात आधी खालसा झालं. फार सुखाचे दिवस होते ते.

मकरंद परतला, फ्रिज उघडला आणि ओरडलाच, "अरे, स्टॅम्पिंगला गेलो होतो, वर नाही!"

*

मंडळाच्या गणपतीत एका काकूंनी शिरीषला विचारलं, "तू कशात आहेस रे?"

"जर्मन ड्यूकांत."

"त्याला मार्केट आहे का?"

"नाही काकू. शेवटचा ड्यूक गादीवरून उतरला त्याला जमाना झाला."

"असू दे रे. जुन्या सिस्टिम्सना मेंटेनन्सचं काम निघतंच की!"

आम्ही खो खो हसलो. शिरीष हसला नाही. जवळच्याच अ‍ॅशबर्नच्या मुग्धाशी त्याचं जमलं होतं, तिचे आईबाबा नागपूरहून यायचे होते, आणि बाबा फोनवर म्हणाले होते, "इतिहासवाल्याला मुलगी द्यायची म्हणजे कठीणच आहे." मलाही मग त्याची काळजी वाटायला लागली.

*

शेवटी ते सगळे आमच्याकडे जेवायला आले. मुग्धाने आधीच बजावलं होतं, "बाबांची भावांशी शेताच्या वाटणीची केस चालू आहे. तो विषय प्लीज अव्हॉइड करा!" आणि काकांची नजर नेमकी नकाशावर!

"हे काय लावलंय?"

शिरीषने घाबरत घाबरत सात भावांची गोष्ट सुरू केली. काका खुर्ची ओढून बसले.

"धाकट्याला काय मिळालं?"

"छोटासा तुकडा, काका."

"पुढे?"

"काही भाऊ निपुत्रिक गेले. त्यांच्या वाट्यावरून उरलेले भांडत बसले. बादशहाच्या दरबारात खटला, वर्षानुवर्षं."

काका नकाशाकडे बघत बसले. वरण गार झालं. मुग्धा मान खाली घालून भात चिवडत होती. शिरीषचं सगळं संपलं असंच मला वाटलं.

मग काकांनी विचारलं, "तुम्हाला भाऊ किती?"

"एकही नाही, काका. मी एकुलता एक."

काका आमच्याकडे वळले. "पोरांनो, घरात साखर आहे का?"