सात नंबरची सरकी

सात नंबरची सरकी मी म्हशीला खाऊ घातली.

सकाळची वेळ. शेण काढून झालं होतं, चुलीवर पाणी होतं. सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "सरकी भिजाडी टाक वं. म्हैस दूध चोरी ऱ्हायनी."

टोपली रिकामी होती. अंगणात सुपात कापडी पुरचुंड्या उन्हाला ठेवलेल्या. मला वाटलं, सरकी ती सरकीच. एक सोडली आणि घमेल्यात ओतली.

म्हशीनं तोंड घातल्यावर घमेल्यात कागदाची चिठ्ठी दिसली.

छप्पन-सत्तावन्नची गोष्ट. पाचोऱ्याकडच्या एका सरकारी कापूस फार्मावर आमचे हे फील्डमन होते. मर रोगानं अख्खं रान वाळलं, त्यात एक झाड उभं राहिलं. त्याचं बियाणं यांनी सात नंबर देऊन तीन वर्षं जपलं.

रोज संध्याकाळी त्या झाडांच्या कळ्यांना दोऱ्यानं गाठ मारायचे.

मी विचारलं होतं, "फुलांचं लगीन लावताय का?"

"लागू नये म्हणून बांधतोय. मधमाशी शेजारचं परागकण आणते. मग बी शुद्ध राहत नाही."

हे सगळं मला माहीत होतं. पुरचुंडीत तेच बी आहे, हे माहीत नव्हतं. चिठ्ठी वाचता येत नव्हती.

शेजारणीकडून मूठभर सरकी आणली. पुरचुंडीत भरली, चिठ्ठी पुसून आत टाकली, गाठ मारली.

संध्याकाळी सांगू म्हटलं. सांगितलं नाही.

भादव्यात मी भाकरी घेऊन फार्मावर गेले, तर फार्माचे साहेब सात नंबरच्या ओळीत उभे होते. अर्धी झाडं माना टाकून.

"भाऊ, हे तुमचं निवडक बी? ही तर बाजारची सरकी दिसते."

हे म्हणाले, "साहेब, दोरा मीच नीट बांधला नसेल."

भाकरीचं फडकं माझ्या हातात होतं. ते बांधावर ठेवून मी घरी परतले.

त्यानंतर ते प्रत्येक कळीला दोन-दोन गाठी मारायचे. आपल्याच हातावरचा विश्वास गेला होता त्यांचा. तो मी घालवला.

साठ साली विषमज्वरानं गेले. तेव्हाही सांगायचं राहिलं.

नंतर अंकलिपी आणून मी एकटीच अक्षरं शिकले. पहिल्यांदा सलग वाचली ती घरात राहिलेली त्यांची फार्माची वही.

"क्र. ७. शुद्ध नाही. गाठ सैल राहिली. चूक माझी."

त्या दिवशी मी जेवले नाही.

आज त्यांचा स्मृतिदिन. माझ्या भाच्याची नात मृणाल पुण्याच्या lab मध्ये काम करते. परवा phone वर म्हणाली, "आजी, आता पानाच्या तुकड्यातल्या DNA वरून कळतं, झाड कुठल्या वाणाचं."

तेव्हा हे असतं, तर सरकी बदलल्याचं लगेच कळलं असतं. त्यांच्या दोऱ्याला कुणी नाव ठेवलं नसतं.

मी विचारलं, "आणि तुमच्या वहीत चूक झाली तर?"

"खोडायचं नाही. एक रेघ ओढायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी खरं लिहायचं, सही करायची."

आमचे हेही अगदी असंच सांगायचे. फार्मावर खोडरबर चालत नाही म्हणायचे.

इतकी वर्षं हे घरात कुणाला सांगितलं नव्हतं. आज सगळ्यांसमोर लिहितेय. तुम्ही चुकला नव्हता हो. तुम्हाला माझा नमस्कार.

तेव्हा, वही वाचली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, म्हशीला पाणी दाखवलं. मग दौत-टाक घेऊन बसले. "चूक माझी" यावर एक रेघ ओढली. खाली लिहिलं, "गाठ पक्की होती. सरकी मी बदलली." सही केली.

आणि फार्मावर चालत जाऊन वही साहेबांच्या टेबलावर ठेवून आले.