हिरवळीवरचा वन्स मोअर

त्या रविवारी सकाळी माझे कपडे वाळत घालायचे सगळे चिमटे मुलगी घेऊन गेली. दिल्लीतल्या उघड्यावरच्या कार्यक्रमात वाऱ्यानं नोटेशनची पानं उडू नयेत म्हणून म्हणे. एवढा मोठा ऑर्केस्ट्रा, परदेशी कंपनीचे बॅनर, आणि चिमटे आमच्या फरीदाबादच्या बाल्कनीतले! धुणं बादलीतच ठेवून मी सासऱ्यांच्या मागे लागले.

ते येतायत की नाही, हाच जीवाला घोर. पोरीला व्हायोलिन त्यांनीच शिकवलं होतं, मांडी घालून, घोट्यावर टेकवून. नोकरी सांभाळून जन्मभर संगीत नाटकांना साथ केलेला माणूस. पुढे शाळेत तिला विलायती वादनाचं वेड लागलं, व्हायोलिन हनुवटीखाली गेलं आणि आजोबांनी तो विषयच टाकला. ती वाजवायला लागली की ते नव्यानं आलेल्या केबलवर बातम्या मोठ्यानं लावून बसायचे. आदल्या दिवशी पोरगी म्हणाली, "आई, आजोबांना एकदा तरी नीट ऐकू दे यार. नाही आवडलं तर सोडते मी." ती सोडणार म्हणजे सोडणार, हट्टीपणा आजोबांचाच.

शेवटी कोट, मफलर चढवून निघाले एकदाचे. गाडी मी नुकतीच शिकले होते. मथुरा रोडवर ट्रक, उड्डाणपुलासाठी जागोजागी खणून ठेवलेलं, आणि शेजारी सासऱ्यांचं दर सिग्नलला "अजून किती?" मी दात आवळून गिअर बदलत होते.

हिरवळीवर खुर्च्या मांडल्या होत्या. सगळी दुपार एकाच जर्मन संगीतकाराची. सुरू व्हायच्या आधी एका बाईंनी इंग्रजीत बजावलं की रचना पूर्ण संपेपर्यंत टाळ्या वाजवू नयेत. सासऱ्यांनी ते कुठलं ऐकलंय! मफलर काढला, घातला, पुन्हा काढला. चहा मिळतो का, विचारून झालं. पोरगी व्हायोलिनच्या शेवटच्या रांगेत, तिची नुसती वेणी दिसत होती. मी वेणीकडे बघू की सासऱ्यांकडे, मला काही सुधरेना.

दुसरा भाग संथ होता. व्हायोलिनं अगदी हळू, एकेक सूर धरून. शेजारची चुळबुळ थांबली, म्हणून मला वाटलं डोळा लागला. पाहते तर सासरे ताठ बसलेले. भाग संपला. हिरवळीवर चिडीचूप. आणि आमचे सासरे उठून उभे राहिले, नाटकाच्या थिएटरात उठावं तसे.

"वन्स मोअर!"

सगळ्या माना वळल्या. धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. कंडक्टरनं मागे वळून पाहिलं, क्षणभर थांबला, आणि त्यानं सरळ पुढचा भाग सुरू केला. सासरे चिडून खाली बसले. वन्स मोअर मिळाला तरी पुढे जातात, ही कसली रीत, असं पुटपुटत राहिले. वेणी एकदाही हलली नाही. आता संपलं, पोरीनं व्हायोलिन सोडलंच म्हणून समजा, असं माझ्या मनानं घेतलं. पुढचं संगीत मी ऐकलंच नाही, खरं सांगते.

नंतर ती आली ती लाल डोळ्यांनी. चिमट्यांची पिशवी माझ्या हातात दिली आणि गाडीत मागे बसली. परतताना आश्रम चौकातला सिग्नल लाल लागला.

मग ती म्हणाली, "आजोबा, ते एवढ्या मोठ्या संगीतकाराचं होतं. त्याला कुणी मध्येच वन्स मोअर देतं का?"

"त्याला कुठे दिला? त्याला मी ओळखतसुद्धा नाही," सासरे समोर बघत म्हणाले. "तुला दिला होता."

मागून रडण्याचा आवाज आला. दिवा हिरवा झाला, हॉर्न वाजायला लागले आणि माझी गाडी बंद पडली. ती सुरू होईपर्यंत पोरीनं व्हायोलिनची पेटी उघडली होती.