सरसकट वजावट

करसल्लागाराकडे माझ्या आधी एक प्राथमिक शिक्षिका बसल्या होत्या. त्यांनी पिशवीतून टाचणी लावलेला बिलांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. कार्डशीट, रंगीत खडू, डिंक, वर्गातल्या पंख्याची दुरुस्ती. प्रत्येक बिलामागे बारीक अक्षरात कारण लिहिलेलं. एका बिलामागचं मला वाचता आलं: 'सूर्यमालेसाठी पुन्हा सामान. शनीचं कडं तुटलं.'

"बाई, ही बिलं नकोत," सल्लागार म्हणाले. "पगारदारांना सरसकट वजावट मिळते. पदरचा खर्च केला तरी तेवढीच, नाही केला तरी तेवढीच."

"नाही केला तरी?"

"हो."

बाईंनी गठ्ठा परत पिशवीत ठेवला. "बरं झालं," त्या म्हणाल्या, "आता मागे लिहीत बसायला नको."

खर्च थांबवायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

सरसकट हा शब्द मला आवडतो. त्यात कुणावर संशय नसतो, कुणाला पुरावे मागितले जात नाहीत. पण पुरावेच नकोत म्हटल्यावर तो पंखा कुणी फिरता केला, हेही कुणी विचारणार नाही.

मग माझी पाळी आली. माझं काम दोन मिनिटांत झालं. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी ऑफिससाठी पदरचा एक कागदही आणलेला नाही, आणि वजावट मात्र बाईंइतकीच. सल्लागारांनी सहीसाठी फॉर्म पुढे केला. मी खिशातलं पेन काढलं.

तेही ऑफिसचंच होतं.