हाकेआधी सुरू झालेला माग

वडगावच्या आमच्या गल्लीत माझा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा. घरातल्या पॉवरलूमच्या खडखडाटातूनही तो परसापर्यंत जातो. धाकट्या लेकीला मी याच आवाजावर वाढवलं. ऊठ, अंघोळ कर, पुस्तक घे, तो मोबाईल ठेव. पोरगी गुणाची. सांगितलेलं सगळं करायची, न सांगितलेलं मात्र काहीच नाही. कॉलेजला गेली तरी तेच. उद्या ही परगावी गेली तर हिला हाक कोण मारणार, याचा मला घोर लागला होता.

गेल्या उन्हाळ्यात थोरलीचं लग्न ठरलं. धाकटी म्हणाली, "आक्काच्या हळदीची साडी मी विणणार." मला हसूच आलं. ह्यांनी मात्र तिला एक माग मोकळा करून दिला आणि मला बजावलं, "तू तिकडं फिरकायचं न्हाय."

न फिरकायला मी काय दगड आहे? दाराआडून बघत होतेच. दुसऱ्याच दिवशी आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी संपली. हिचं ध्यान भलतीकडे. आडवा धागा नसताना माग तसाच चालत राहिला, मग नवी कांडी घालून ही तशीच पुढं विणत गेली आणि साडीत मधेच विरळ पट्टी पडली. शेजारच्या मागावर असलेल्या ह्यांना ते दिसत होतं, तरी माणूस ढिम्म. मी ओरडू नये म्हणून तोंडात पदर कोंबला.

शेवटी तिलाच दिसलं. तिनं माग थांबवला. डोळे भरून आले होते. "आप्पा, आता काय करू वं?"

"साडी तुझी. तूच ठरीव."

असा राग आला मला त्या माणसाचा! पोरगी नाक पुसत बसली आणि मग त्या पट्टीपर्यंत एकेक धागा उसवायला लागली. जेवायला बोलवलं तर म्हणाली, "हे झाल्याबिगार न्हाय." असं ती मला पहिल्यांदाच म्हणाली.

सकाळी सवयीनं मी हाक मारायला छाती भरून घेतली, तर माग आधीच चालू. ह्यांनी लावला असेल म्हटलं, पण हे तर पायरीवर चहा पीत बसलेले.

"मार की हाक," म्हणाले, मिशीत हसत.

लई बरं वाटलं. आणि खरं सांगते, थोडं रितंही वाटलं. हाक गिळली आणि तिचा चहा घेऊन आत गेले. तिनं मान वर केली नाही.

"आई, ठेव तिथंच. कांडी संपाय आलीया."