वारा कुठे राहतो ते खळ्याला ठाऊक

वारा मोजायला चाललोय, असे सांगताच एस.टी.त शेजारचे गृहस्थ जरा लांब सरकून बसले. त्यांचे तरी काय चुकले?

पुण्यात आमच्या कार्यशाळेने त्या वर्षी विहिरीतून पाणी उपसणारी एकच पवनचक्की बनवली होती. ती तिसगावजवळच्या एका गावात उभी करायची होती. जागा मी नकाशावरून ठरवली: ओढ्याकाठची गावविहीर, रस्त्याला लागून. माझ्या पत्रावरून पायाचा खड्डाही खणून झाला होता.

नगरला गाडी बदलून दुपारी पोचलो. सरपंच आबांनी भाकरी आणि शेंगोळे (हुलग्याच्या पिठाचे वळून रश्श्यात शिजवलेले तुकडे) असे आग्रहाने वाढले की उठणे कठीण झाले.

विहिरीवर मी माझे चार वाट्यांचे भिरभिरे बाहेर काढले. वाट्या हलेनात! भोवती दाट चिंचा, आणि जागा खोलगट.

"हितं कुठला वारा, सायेब?" सूप घेऊन उभी असलेली एक बाई म्हणाली. ही माळावरच्या वस्तीतली द्वारकाबाई. "वारा आमच्या खळ्यावर. हीरबी हाय तितं, पन लई खोल. पानी वढून बायांचे हात सोलत्यात."

आबा हसले. "तिला वस्तीवर पानी पायजे, म्हनून बोलती."

"व्हय, पायजेच! पन वारा काय माझं ऐकून येतो व्हय?"

तिने खड्ड्याच्या काठावर सुपातली मळलेली ज्वारी वरून सोडली. दाणे आणि भुसा एकत्रच तिच्या पायांवर पडले. मग तिने आम्हाला माळावर नेले. वावडीवर (उपणायला चढायची तिवई) उभी राहून तिने सूप हलवले. दाणे खाली पडले आणि भुसा थेट आबांच्या पागोट्यावर! माझ्या वाट्याही गरगरू लागल्या. वारा लागतो तिथेच लोक खळे करतात, हे विचारायचे मला सुचले नव्हते. लाज वाटली.

"आबा, चूक माझी. खाली बसवली तर चक्की फिरायची नाही, आणि पुन्हा इकडे कुणी चक्की आणायचं नाही."

आबांनी पागोटे झटकले. "मंग हितंच बसवा. खाली पानी हाताशी हाय. खड्डा बुजवितो मी."

द्वारकाबाईने डोळ्याला पदर लावला आणि 'भुसा गेला' म्हणाली.

पुण्यात परतल्यावर अहवाल लिहायला बसलो. 'जागा कोणी निवडली' यापुढे आजवर मी माझेच नाव लिहीत आलो होतो. या खेपेला लिहिले: द्वारकाबाई, माळावरची वस्ती.

कार्यशाळेच्या साहेबांनी अहवाल वाचून चष्म्यावरून पाहिले. "यांचं शिक्षण?"

"उपणतात," मी म्हणालो.